कमरेला दोन पट्टे

“ते बक्कल खाली ठेवा… त्याची आणि त्या पट्ट्यांची कधी गाठच पडली नसती.”

मी वळून पाहिलं. मागे एक उंच तरुण उभा होता. एका हातात बटाट्याच्या गरम धिरड्यांची बशी, नजर मात्र माझ्या हातातल्या पितळी बकलावर आणि मी त्याला लावून बघत असलेल्या चामडी पट्ट्यांवर.

“का? भांडण आहे का त्यांचं?” मी विचारलं.

“भांडायला तरी भेटावं लागतं. दोघांत दोनशे वर्षांचं अंतर आहे.”

एप्रिलचा रविवार होता. ऱ्हाईन नदीकाठच्या आमच्या क्सान्टन गावाबाहेर रोमन शिपायांचे वेश करणाऱ्यांचा बाजार भरला होता आणि मी पपांसाठी शिपायाचा पट्टा घ्यायला आले होते. पपा दर जूनमध्ये शिरस्त्राण चढवून संचलनात चालायचे. मग पोटाचं मोठं ऑपरेशन झालं आणि त्यांनी आपला सगळा सरंजाम हौशी शिपायांच्या मंडळातल्या नव्या लोकांना वाटून टाकला. परत यायचं नाही अशाच बेतानं. पण ते सावरले. हळूहळू जेवू लागले, नदीकाठानं फिरू लागले आणि या वर्षी म्हणाले, पुन्हा चालेन म्हणतो. बाकीचं सामान उसनं मिळालं. पट्टा मात्र ज्याचा त्याचा असावा लागतो. ‘पट्टा नाही तो शिपाई नाही’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते.

त्या तरुणानं विचारलं, कुठल्या काळातला पट्टा हवाय? मी म्हटलं, रोमन काळातला. त्यानं हसू लपवायला घाईघाईनं धिरड्याचा मोठा घास घेतला… आणि जीभ भाजून घेतली. मग हसायची पाळी माझी होती.

त्याचं नाव योरिस. शेजारच्या क्लेव्हमध्ये दातांचा डॉक्टर. पट्टे करणं आणि आपल्या गावच्या तुकडीतून संचलनात चालणं हा त्याचा छंद. पपांचं मंडळ ख्रिस्तानंतरच्या पहिल्या पन्नास वर्षांतलं, एवढं मला आठवलं, आणि त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, तयार घेऊ नका, आपण जुळवू. शनिवारी दवाखाना बंद झाला की या.

“दातांच्या डॉक्टरकडे इतक्या आनंदानं येणाऱ्या तुम्ही पहिल्याच असाल.”

“आनंद झाला असं मी कुठं म्हटलं?”

“नाही म्हटलंत… दिसतोय.”

मी गेले. पुढच्या शनिवारीही गेले. झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं निवडताना तो डोळे मिटून त्याचा वास घ्यायचा आणि मलाही घ्यायला लावायचा. ओल्या जंगलासारखा, थोडा कडवट वास. पट्ट्यावर बसवायच्या पितळेच्या पातळ पत्र्यांवर तो दातांच्या बारीक यंत्रानं नक्षी कोरायचा, ती उठून दिसावी म्हणून त्यात धातूचं काळं मिश्रण भरायचा आणि कौतुकानं म्हणायचा, “हा पेशंट अजिबात ओरडत नाही.” ते पत्रे चामड्यावर रिव्हेटनं ठोकायचं काम माझं. मी ऱ्हाईनवर सायकलवाल्यांची फेरीबोट चालवते, माझे हात दोरखंडांना सरावलेले. तरी एकदा हातोडी अंगठ्यावर बसली. त्यानं अंगठा आपल्या हातात धरला, फुंकर घातली आणि… सोडायला विसरला.

“दात नाही तो,” मी हळूच म्हटलं.

“माहीत आहे.” त्याचे कान लाल झाले होते. “आता ‘तुम्ही’ सोडूया का आपण?”

“अंगठा सोड आधी,” मी म्हटलं. त्या शनिवारपासून आम्ही ‘तू’ झालो.

पट्टा देखणा झाला. पपांच्या वाढदिवसाला मी तो त्यांच्या हातात ठेवला. ते किती तरी वेळ नुसते पत्र्यांवरून बोट फिरवत राहिले. मग तलवार आणि खंजीर अडकवून त्यांनी पट्टा बांधला, दोन पावलं टाकली आणि खुर्चीचा आधार घेतला. चेहरा पांढराफटक. सगळा भार नेमका टाक्यांच्या जागेवर येत होता.

“फार सुंदर आहे गं, इम्के,” पट्टा सोडत ते म्हणाले. “भिंतीवर लावू.”

त्यांच्यासमोर मी रडले नाही. बाहेर येऊन योरिसला फोन केला आणि रडतच सगळं सांगितलं. “येतो,” एवढंच तो म्हणाला.

तो आला. कीव नाही, धीराचे शब्द नाहीत. त्यानं पपांना सदरा वर करायला सांगितलं, त्या लांब व्रणाच्या कडेकडेनं अलगद बोट फिरवलं आणि कुठे दुखतं, कुठे नाही, ते विचारून घेतलं. मग म्हणाला, “तुमच्या काळातले पुष्कळ शिपाई दोन पट्टे बांधायचे. एकाला तलवार, दुसऱ्याला खंजीर. पोटावर आवळायचे नाहीत, सैल, एकावर एक तिरपे. भार सगळा कमरेच्या हाडांवर.”

“मेन्झला शिपायांच्या थडग्यांवर कोरलेले पाहिलेत मी,” पपा सावकाश म्हणाले. “आमच्यात सगळे एकच बांधतात, म्हणून डोक्यातून गेलं होतं.”

“मग यंदा तुम्हीच सगळ्यांत अचूक दिसाल.”

पपा किती दिवसांनी असे खुदकन हसले. मी खिडकीकडे तोंड फिरवलं… त्या हसण्याच्या बदल्यात मी योरिससाठी काहीही केलं असतं. आणि तेच मला सतावू लागलं. हे प्रेम आहे की नुसती कृतज्ञता?

तो पट्टा उसवून आम्ही दोन केले. योरिस पत्रे आणून देत राहिला, मी ठोकत राहिले. जूनमध्ये संचलनाच्या दिवशी रिमझिम पाऊस होता. भिजलेल्या लोकरीचा आणि चामड्याचा वास सगळीकडे पसरलेला. पपा तिसऱ्या रांगेत होते. गर्दीसाठी बांधलेल्या दोराच्या कडेकडेनं मी त्यांच्याबरोबर चालत होते. ते थकले होते, पण कमरेवर तिरपे पट्टे झुलत होते आणि पाठ ताठ होती. माझ्याजवळून जाताना त्यांनी पोटावर हात ठेवला आणि नाही अशी मान हलवली. दुखत नाहीये.

योरिसची तुकडी मागून आली. त्यात तो नव्हता.

तो मला गर्दीच्या टोकाला सापडला. साधा रेनकोट, केस भिजलेले. तू का नाहीस, मी विचारलं. तो इकडचं तिकडचं बोलू लागला, पण मी हटले नाही. तेव्हा त्यानं सांगितलं. दुसऱ्या पट्ट्यासाठी पत्रे कमी पडत होते, नवे घडवायला वेळ नव्हता, म्हणून त्यानं स्वतःच्या पट्ट्याचे काढून दिले होते. आणि पट्टा नाही तो शिपाई नाही.

“योरिस, मी तुझे आभार कसे—”

“नको ना.” त्यानं मला थांबवलं. “तू सारखे आभार मानतेस आणि मला जे विचारायचंय ते मनातच राहतं. ज्याचे उपकार वाटतात त्याला माणूस नाही म्हणू शकत नाही, इम्के. असा होकार मला नकोय.”

पाऊस त्याच्या पापण्यांवर थांबला होता. इतके दिवस जे मला सतावत होतं, तेच त्यालाही भीती घालत होतं… आणि ते ऐकताच माझं उत्तर मला स्वच्छ कळलं.

“आभार पपा मानतील,” मी म्हटलं. “जेवायला बोलावणार आहेत तुला, आणि सोडणार नाहीत लवकर. माझं वेगळं आहे. पट्टे झाले, पपा चालले. शनिवारी तुझ्याकडे यायला मला आता काही म्हणजे काही कारण उरलेलं नाही.”

त्याचा चेहरा पडला. “नाही… खरंच नाही.”

“तरी मी येणार आहे.”

मग त्यानं रेनकोट उघडून मला आत घेतलं. त्याचं हृदय धडधडत होतं, हातोडीसारखं, बेतालपणे.

“विचारू मग?” तो माझ्या केसांत पुटपुटला.

“मी उत्तर दिलंय केव्हाच,” मी म्हटलं. “पण विचार. मला ऐकायचंय.”