‘यू’ म्हणजे तू की तुम्ही?

दारावरचा लाल दिवा मला दिसला होता. पण आमच्या अभ्यासक्रम मंडळाच्या इमारतीत निम्मे दिवे उगाच चालू असतात, म्हणून मी तो मनावर घेतला नाही. कोपराने दार ढकलत मी म्हणाले, “इंग्रजीच्या पाठांचं रेकॉर्डिंग इथेच—”

आणि दारातच थांबले.

खोलीच्या मधोमध एक उंच माणूस हेडफोन लावून, डोळे मिटून, अगदी स्तब्ध उभा होता. समोर माइक. बाकी कुणीच नाही. त्याने एक डोळा उघडला.

“तुम्ही माझी शांतता बिघडवलीत.”

अनोळखी माणसाने पहिल्याच वाक्यात असं म्हटल्यावर काय करायचं असतं, ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी मिटलेली छत्री जरा पुढे धरली.

“नाही, म्हणजे... खरीखुरी शांतता!” तो घाईने म्हणाला. त्याचे कान भराभर लाल होत गेले. “या खोलीची. ती रेकॉर्ड करत होतो. दोन वाक्यांच्या मध्ये घालायला लागते.”

“शांतता घालायला लागते?”

“नाहीतर पोकळ वाटतं ना. आणि प्रत्येक खोलीची वेगळी असते.”

“अस्सं. मग आता या खोलीची कशी आहे?”

त्याने माझ्या छत्रीकडे पाहिलं. टप्... टप्... टप्...

“ओली,” तो म्हणाला.

मला हसू आवरलं नाही. तोही हसला. त्या दिवशीचं माझं काम बाजूलाच राहिलं, आणि नंतर कळलं की सगळ्या इमारतीत या माणसाला ‘कानसेन’ म्हणतात.

मी तशी शाळेतली. सहावीला इंग्रजी शिकवते. मंडळावर माझी वर्णी लागली ती माझ्या जिभेमुळे. एका सभेत मी उठून बोलून गेले होते, “आपली मुलं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात, कर्तरीचं कर्मणी धडाधड करतात, पण तहान लागली तर पाणी कुठे आहे हे विचारता येत नाही त्यांना!” समितीच्या अध्यक्षांना सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणतात. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “मग तुम्हीच करा की. ऐकण्या-बोलण्याचे पाठ लिहा, रेकॉर्ड करा. तुमच्याच वर्गात आम्ही येऊन बघू. मुलांनी तोंड उघडलं तर ते पाठ अभ्यासक्रमात राहतील. नाहीतर त्या तासिका पुन्हा व्याकरणाला.”

म्हणजे माझ्याच गळ्यात घंटा. मी रोज शाळा सुटली की मंडळात जायचे, पाठ लिहायचे आणि तळमजल्यावर कानसेनांच्या खोलीत नेऊन द्यायचे. बाईचा आवाज माझाच ठरला. पुरुषाच्या आवाजासाठी बोलावलेल्या कलाकाराचा घसा ऐन वेळी बसला.

“तुम्हीच वाचा ना,” मी कानसेनांना म्हणाले.

“मी? शाळेत इंग्रजीच्या तासाला बाकाखाली पेन शोधत बसायचो मी.”

“सापडलं का?”

“दहावीपर्यंत नाही.”

पण वाचलं त्यांनी. पलीकडच्या खोलीत यंत्र चालू करायचं, धावत आत यायचं, श्वास सावरायचा आणि वाचायचं! पाठ साधाच होता. वाचनालयात एक माणूस पुस्तक शोधतोय आणि एक बाई त्याला मदत करतेय. तिसऱ्या वाक्यावर ते थांबले.

“एक विचारू? हा जो ‘यू’ आहे... तो ‘तू’ आहे की ‘तुम्ही’?”

“इंग्रजीत दोन्ही एकच.”

“कागदावर एकच. आवाजात कसा एक असेल?”

मी हातातल्या कागदाकडे बघत राहिले. इतकी वर्षं शिकवतेय, पण हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. “अनोळखी आहेत ते,” मी म्हणाले. “तुम्हीच असणार.”

“शेवटपर्यंत?”

“पाठ दोन पानांचाच आहे हो!”

“दोन पानं पुष्कळ झाली,” ते हळूच म्हणाले आणि पुढचं वाक्य वाचायला लागले. मी मात्र माझी ओळ चुकले. एकदा नव्हे, लागोपाठ. शेवटी त्यांनी हेडफोन काढून माझ्यापुढे धरले. “ऐका, कुठे अडखळताय ते.” मी ऐकलं. मी कुठेही अडखळत नव्हते. पण दुसऱ्या पानावर त्यांचा आवाज बदलला होता. मऊ झाला होता, जवळ आला होता. कुणालाही कळलं असतं की हा ‘यू’ आता ‘तुम्ही’ राहिलेला नाही.

मी हेडफोन काढून परत दिले. त्यांनी ते घेतले. फक्त कान... लालबुंद.

घरी वहिनीने पकडलंच. “काय गं, रेकॉर्डिंगला आवाज जातो ना फक्त? मग नवी ओढणी कशाला?”

“जुनी धुवायला टाकलीय.”

“कालपण हेच सांगितलंस,” वहिनी म्हणाली आणि शिट्टी वाजवत आत गेली.

पाठ संपत आले तसं माझं मन उदास व्हायला लागलं. रेकॉर्डिंग संपलं की त्या खोलीत जायला निमित्त कुठलं? त्यातच मोठ्या बाईंचा निरोप आला... वर्ग बघायला सोमवारी येतोय.

सोमवारी वर्गाच्या मागच्या बाकांवर समितीची माणसं दाटीवाटीने बसली. कानसेन मोठा स्पीकर घेऊन खिडकीपाशी उभे. मी खूण केली आणि वाचनालयाचा पाठ सुरू झाला. मुलांनी कान टवकारले. पाठ संपला. मी इंग्रजीत म्हणाले, “आता तुम्हाला काय विचारायचंय ते विचारा.”

वर्ग चिडीचूप. मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं. गेले, सगळे पाठ गेले!

तेवढ्यात मधल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. “मिस... दॅट लेडी इज यू.”

“येस.”

“हू इज दॅट मॅन?”

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. स्पीकरवाल्याने नेमका तेव्हाच खोकला काढला आणि आवाज ओळखला गेला. वर्गात एकच कल्लोळ! मग एकाने उभं राहून, शब्द एकेक जुळवत विचारलं, “मिस, इज ही... युवर हजबंड?”

“नो!” मी इतक्या जोरात म्हणाले की स्वतःच दचकले.

“पूर्ण वाक्यात उत्तर द्या, बाई,” मागून मोठ्या बाईंचा आवाज आला.

घाम पुसत मी म्हणाले, “नो. ही इज नॉट माय हजबंड.”

“व्हाय नॉट?”

हे कोण म्हणालं ते मला आजही माहीत नाही. पण त्यानंतर जे सुरू झालं ते थांबेचना. त्यांना कुत्री आवडतात का? ते रोज कुठे जेवतात? तुम्ही भांडता का? सगळं इंग्रजीत, मोडकंतोडकं, क्रियापदं उलटीपालटी, पण जिवंत! एकाने थेट कानसेनांनाच विचारलं, “सर, आर यू अफ्रेड ऑफ अवर मिस?”

बाकाखाली पेन शोधणारा तो माणूस सरळ उभा राहिला. “येस,” तो म्हणाला. “अ लिटल.”

मोठ्या बाई हसल्या. मंडळात त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं. जाताना दारात थांबून त्या म्हणाल्या, “पाठ राहतील. मात्र गुण कसे द्यायचे ते तुम्ही लिहून द्यायचं, पळवाट नाही. आणि पुढच्या वर्षी पुरुषाचा आवाज दुसऱ्या कुणाचा घ्या. मुलं फार विषयांतर करतात.”

स्पीकर जड होता. त्याची एक कडी त्यांनी धरली, एक मी. जिन्याच्या वळणावर ते थांबले.

“एका प्रश्नाचं उत्तर राहिलं,” ते म्हणाले.

“कुठल्या?”

“ते... व्हाय नॉट.”

माझी जीभ कुठली गप्प बसते! “कारण ज्याने विचारायचं तो विचारतच नाही. नुसता शांतता रेकॉर्ड करतो.”

त्यांनी स्पीकर खाली ठेवला. घाईत माझ्या पायावरच. “अगं आई गं!” मी ओरडले, ते पटकन खाली बसले, “लागलं? खूप लागलं?” म्हणत माझ्या चपलेकडे बघत राहिले, आणि तसंच, वर न बघता, म्हणाले, “माझ्याशी लग्न करशील?”

पाय ठणकत होता. वरच्या मजल्यावरून मुलांचा गलका ऐकू येत होता. मी म्हणाले, “हो. पण आधी तो स्पीकर उचल.”

संध्याकाळी लंगडतच घरी गेले. आई लसूण सोलत होती, दादा फोनवर कुणाशी तरी वाद घालत होता, वहिनी त्याला वाद कसा घालायचा ते सांगत होती. मी आईजवळ बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. वहिनीने तिकडून “मी म्हटलं नव्हतं का!” अशी आरोळी ठोकली.

आईचे हात थांबले नाहीत. “करतो काय मुलगा?”

“ऐकतो.”

“म्हणजे?”

“त्याचं कामच ते, आई. दिवसभर बसून दुसऱ्याचं नीट ऐकायचं.”

आईने दादाकडे पाहिलं. मग आत पेपर वाचत बसलेल्या बाबांकडे पाहिलं. मघापासून तिने त्यांना दोनदा हाक मारली होती. हातातली पाकळी तिने ताटलीत टाकली.

“मग इथे काय बसलीस?” ती म्हणाली. “त्याला उद्याच घेऊन ये. मला पुष्कळ बोलायचंय.”