ओटिलियाच्या हातचा ख्रिस्तोफर

जर्मनीतल्या उल्म गावात लाकडावर कोरणारे चिक्कार होते, पण ओटिलियासारखा हात कुणाचा नव्हता, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना ऐकवत असे. बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा संत ख्रिस्तोफर तिने नासपतीच्या फळीवर कोरला होता. त्या फळीच्या कागदी छापा गावातल्या दोनशे दारांवर आतून चिकटवलेल्या होत्या. सकाळी त्याचं तोंड पाहिलं की त्या दिवशी मरण येत नाही, म्हणून उठल्याबरोबर लोक आधी त्याच्याकडे बघत.

त्या दुपारी ती जवाची पेज घेऊन वेशीबाहेरच्या इस्पितळात निघाली. तिचा बाप तिथे अंथरुणाला खिळला होता. कोरणं त्यानेच तिला शिकवलेलं. चाळीस दिवसांपूर्वी तिने ख्रिस्तोफरची पहिली छाप त्याच्या समोरच्या भिंतीवर खळीने चिकटवली होती. बाप अजून होता, याचा तिला कोण अभिमान.

दालनाचं दार उघडताच वास आला. ओल्या पेंढ्याचा, जखमांचा, आणि त्याखाली तळघरात सडलेल्या सफरचंदांचा. चौदा खाटा होत्या. चौदाही तोंडं त्या भिंतीकडे वळलेली होती.

"चाळीस दिवसांत इथून कुणी गेलं नाही," सिस्टर मेख्तिल्ड हळूच म्हणाली.

"माझं काम आहे ते, सिस्टर."

"तुझंच. त्या कोपऱ्यातल्या म्हातारीचा श्वास रविवारीच थांबलाय... डोळे मात्र हलतात. आम्ही चित्रावर कापड टाकून पाहिलं. कापडावर डोळे उमटले."

ओटिलियाने बापाचा हात धरला. तो खांद्यापर्यंत गार होता.

"ओटी... केवढे जिवंत डोळे कोरलेस गं."

"शिकवण तुमचीच, बाबा."

"पापण्या मिटल्या तरी दिसतात. पाद्र्यापुढे सगळी पापं सांगून झालीत माझी. आता जाऊ दे मला..."

"तुमच्यासाठीच केलाय तो. असं काम पुन्हा हातून व्हायचं नाही. ते फाडू?"

"फाडू नकोस. डोळे तेवढे तूच काढ. इतरांच्या हाताने चिंध्या होतील."

तिला रडू फुटलं. मग तिने कमरेची सुरी काढली, डोळे पुसले, आणि दोन गोल काप घेतले. कागदाचा एक धागासुद्धा सुटला नाही.

"जमलं," बाप म्हणाला. त्यानंतर तिच्या पाठीमागे चौदा खाटांवरून एकच लांब श्वास सुटला.

संध्याकाळी ती घरी आली. बाप सुटला होता, आणि शेवटी त्याने तिचं काम नावाजलं होतं. त्या दुःखातही तिची मान ताठ होती. दार लावून ती वळली, तर दारावरच्या छापेत डोळ्यांच्या जागी दोन गोल भोकं होती.

तिने पेटीचं कुलूप काढलं. ख्रिस्तोफर कोरलेली नासपतीची फळी जागेवर होती. डोळ्यांच्या जागी दोन खळगे होते, लाकूड ताजं, पांढरं. तिने बोट फिरवून पाहिलं. कुठे कुसळ लागलं नाही. असा हात उल्ममध्ये दुसऱ्या कुणाचाच नव्हता.

शेजारी एक बाई 'ऊठ, ऊठ ना' म्हणत नवऱ्याला पुन्हा पुन्हा हाका मारत होती. मग पलीकडच्या घरातूनही कुणीतरी हाका मारू लागलं.