डावीकडून तिसरा

अल्बमच्या पानावर फोटो अडकवायचे चार कोपरे होते. फोटो नव्हता.

"आजोबांचा घरात एवढाच होता," ओटिली ह्रुस्का म्हणाली. "पाठीवर रोझालिया आत्याने लिहिलेलं: डावीकडून तिसरा, आमचा बाप मातेय."

एस्टेल कुबियाकची तीस वर्षं विम्याचे दावे तपासण्यात गेली होती. रडणाऱ्यावर ती चटकन विश्वास ठेवत नसे. आता ती बेसबॉलच्या विस्मृतीत गेलेल्या खेळाडूंचे फोटो हुडकणाऱ्या मंडळात होती. मंडळाच्या यादीत मातेय ह्रुस्कापुढची जागा कायम रिकामी. १९११च्या मे महिन्यात व्हीलिंगच्या संघाकडून दोन सामने, जूनमध्ये विषमज्वराने मृत्यू. संपला हिशेब.

"अल्बम कुणी पाहिला?"

"तुमच्या मंडळाच्या हॅस्केटनी. पण म्हणाले, शेवटची पानं पाहायला वेळ नाही."

शनिवारी ग्रंथालयाच्या तळघरात मंडळाची बैठक भरली. व्हर्न हॅस्केटने टेबलावर एक फोटो ठेवला. अकरा खेळाडू, डाव्या बाहीवर काळी पट्टी, चेहरे उतरलेले.

"मातेय ह्रुस्का," तो म्हणाला. "डावीकडून तिसरा. शोधणाऱ्याचं नाव नीट लिहा, दोन टी."

एस्टेलबरोबर आलेली ओटिली ताडकन उठली. "हा माझा आहे."

"बाई, जुन्या बाजारातल्या खोक्यात मिळालाय. पाठ बघा, कोरी."

पाठीचा कागद सोलून निघाला होता.

"यांच्या घरचा फोटो तुम्ही पाहिलाच नव्हता?" एस्टेलने विचारलं.

"शपथेवर सांगू?"

"नको, तुमच्या शपथा जपून ठेवा. तिसरा मातेय, हे कशावरून?"

"वर्तमानपत्रात त्याचं रेखाचित्र आहे. कान, हनुवटी, सगळं ताडून पाहिलं. माझी नजर तुमच्यासारखी कारकुनी नाही."

"खात्री?"

"शंभर टक्के."

"लिहून घ्या," एस्टेल चिटणिसाला म्हणाली. मग तिने पिशवीतून जुन्या बातमीची प्रत काढली. "मातेयला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची. संघाने उरलेला मोसम त्याच्यासाठी काळी पट्टी बांधायचं ठरवलं. त्या वर्षी संघात दुसरं कुणी गेलं नाही. हा फोटो त्याच्या दुखवट्यातला आहे, हॅस्केट. मेलेला माणूस स्वतःच्या दुखवट्याला उभा राहत नाही."

"मग चुकलो. चुकणं गुन्हा नाही."

"नाहीच. पण अकरांत एकही मातेय नाही, तरी तुमचं बोट नेमकं तिसऱ्यावर. ती चूक जगात एकाच ठिकाणी लिहिलेली होती: या फोटोच्या पाठीवर. बाप गेला तेव्हा आत्या पाळण्यात होती, तिने अंदाजाने लिहिलं. तुम्ही पाठ वाचलीत, मग खरवडलीत. पुढची बाजू मात्र बघायची राहिली."

कुणी हॅस्केटकडे पाहिलं नाही. त्याने फोटो टेबलावरून ढकलला आणि तो दारात जाऊन वळला. "घ्या. आता कवडीमोल आहे."

"म्हणजे आजोबा यात नाहीतच?" ओटिलीने विचारलं.

"नाहीत. मला वाईट वाटतं."

ओटिलीने अकराही बाह्यांवरच्या काळ्या पट्ट्या बोटाने मोजल्या. "आमच्या घरी म्हणायचे, संघात त्याला कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं," ती म्हणाली. तिने फोटो छातीशी धरला. "हॅस्केट, दारातून बाजूला व्हा."