तीन पेडलांची गाडी

"काका, माझ्या बाबांना लबाड ठरवलंय. मेलेल्या माणसाला! तुम्ही आजच या."

सकाळी सातला हा फोन आला तेव्हा भिंगकाकांचा चहा अजून गाळायचा होता. तीस वर्षं विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासून ते निवृत्त झाले होते. आता जुन्या गाड्या कारखान्यातून आल्या तशाच आहेत की नाहीत, हे तपासून दाखला देत. खिशात कायम भिंग असे, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागे.

फोन करणारी दातांची डॉक्टर होती, पंचेचाळिशीची. तिचे वडील तीन महिन्यांपूर्वी गेले. मागे राहिली ती त्यांची चौसष्ट सालची, उघड्या टपाची, आकाशी अमेरिकन गाडी. जुन्या गाड्यांच्या क्लबने ती सन्मानाने प्रदर्शनात ठेवायची ठरवली, तपासायला माणसं पाठवली, आणि घोळ निघाला. 'गाडीत एकही बदल नाही' असं वडिलांनी क्लबच्या फॉर्मवर सही करून लिहून दिलं होतं. क्लबचं म्हणणं, ते धादांत खोटं आहे. पाच दिवसांत खुलासा आला नाही, तर संस्थापकांच्या फलकावरून त्यांचं नाव खरवडून काढणार.

घर चढावर होतं. खालच्या फाटकापासून वरच्या गॅरेजपर्यंत फरसबंद उतार, तोही चांगलाच उभा. भिंगकाकांनी दम खायला फाटकाच्या खांबावर हात टेकला. डावा खांब काळ्या दगडाचा, उजवा विटांचा.

"हा नंतर बांधलाय का, डॉक्टरीणबाई?"

"मला आठवतं तेव्हापासून असाच आहे."

गॅरेजला तीन कुलपं होती. तिने एकेक काढत सांगितलं, "बाबांचा स्वभावच तसा. किल्ल्या झोपतानाही उशाखाली."

"तुम्ही चालवता ही?"

"मला कुठलीच गाडी येत नाही. अठराव्या वर्षी शिकते म्हटलं, तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं. लहानपणी पुढच्या सीटवरसुद्धा कधी बसू दिलं नाही. दोन वर्षांपूर्वी पुन्हा तोच विषय निघाला. तुम्ही बाप नाही, तुरुंगाधिकारी आहात, असं म्हणाले मी." तिने शेवटचं कुलूप काढलं. "त्यानंतर आम्ही बोललोच नाही. ते गेले तेव्हाही नाही. म्हणून म्हणते काका, निदान त्यांचं नाव तरी राहू द्या."

तिने डोळे पुसले. रडणाऱ्या माणसापुढे भिंगकाकांचं काही चालत नसे. ते गाडीकडे वळले.

चालकाच्या दाराच्या कडेवर बोटभर लांबीची पत्री होती. तिच्यावर आकडे आणि अक्षरं.

"हा गाडीचा जन्मदाखला," काका भिंग लावून वाचू लागले. "रंग आकाशी, बरोबर. पुढे सलग बाक. इथे बघा, दोन सुट्या सीट. गिअर ऑटोमॅटिक, लीव्हर स्टिअरिंगच्या दांड्यावर. म्हणजे क्लच नसणार, पेडल दोनच हवीत."

"इथे तीन आहेत."

"आणि लीव्हर खाली जमिनीवर. क्लबवाल्यांचे डोळे शाबूत आहेत म्हणायचे."

मागच्या सीटच्या स्प्रिंगांत बोटं घालून त्यांनी पिवळा पडलेला कागद अलगद ओढून काढला. गाडी जोडताना कारखान्यातले कामगार यादीचा कागद तिथेच खोचून विसरत. गिऱ्हाइकाने मागून घेतलेली प्रत्येक जादा गोष्ट त्यात होती. रिव्हर्सच्या पांढऱ्या दिव्यांपुढे मात्र फुली होती, म्हणजे ते मागवलेच नव्हते. गाडीला तर असे दोन दिवे लखलखत होते. काका गुडघे मोडत खाली वाकले. मागच्या पत्र्याच्या आतल्या अंगावर शिक्का होता, सहासष्ट सालचा.

"शेपूट दुसऱ्याच गाडीचं आहे. तोंड मात्र जसंच्या तसं. ओरखडासुद्धा नाही."

"मग बाबा खोटं बोलले?" तिचा आवाज चिरकला.

"थांबा. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे क्लबवाल्यांचं काम, आपलं नाही. ते एक विसरले. फसवणारा गाडीला चढवतो. साध्या गाडीला ऑटोमॅटिक गिअर बसवतो, भाव वाढवतो. इथे कारखान्याचा उत्तम ऑटोमॅटिक गिअर काढून साधा बसवलाय. सोनं मोडून पितळ कोण घेतं? फसवणारा कधी उतरवत नाही, बाई. क्लबचा तो फॉर्म कोणी भरला होता?"

"मी. चौदा वर्षांची होते. माझं अक्षर चांगलं म्हणून बाबांनी मला बसवलं. 'गाडीत काही बदल केले आहेत का?' असा प्रश्न होता. मी विचारलं. त्यांनी प्रश्न पुन्हा वाचायला लावला आणि म्हणाले, लिही, एकही नाही."

काकांनी मान डोलावली. तेवढ्यात तिचं बोट स्टिअरिंगच्या दांड्यावर थांबलं. तिने डोळे मिटून तिथे पुन्हा नख फिरवलं.

"काका, इथे फिलिंग केलंय."

भिंगाखालीही ते जेमतेम दिसत होतं. लीव्हरचं भोक शिशाने बुजवून, घासून वर रंग दिला होता. दिवसाकाठी वीस दाढा चाचपणाऱ्या बोटालाच ते कळावं.

"असं फिलिंग कधी करतात, माहितीये?" ती म्हणाली. "भोक होतं हेच कुणाला कळायला नको असतं तेव्हा."

काकांनी गालिचा उचलला. जमिनीवरच्या लीव्हरसाठी पत्रा गॅसने कापला होता, कडा ओबडधोबड. कापणाऱ्या मेकॅनिकने सवयीने टोच्याने तारीख कोरली होती.

"सप्टेंबर, एकाहत्तर. तुम्ही तेव्हा केवढ्या होतात?"

"चार वर्षांची. आई त्याच वर्षी गेली. ऑगस्टमध्ये, तापाने." तिने अंदाजाने सांगितलं नव्हतं. असली तारीख माणसाला विचार करून सांगावी लागत नाही.

भिंगकाकांनी भिंग खिशात ठेवलं. "घरात तेव्हाचं कोण आहे?"

"आत्या."

आत्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. ऐंशी उलटलेली, पण हात सराईत. काकांनी डॉक्टरीणबाईंना बाहेर थांबायला सांगितलं आणि दार लोटलं.

"आत्याबाई, गाडी मागून कशावर आदळली होती?"

"मला मेलीला गाड्यांतलं काय कळतंय?"

"फाटकाच्या खांबावर?"

शेंग हातातच राहिली.

"तुमचा भाऊ चालवत होता?"

"नाही!" हे फार चटकन आलं.

"मग कोण?"

"कोणी नाही."

"इंजिनही बंद होतं ना?"

आत्याने परात बाजूला सरकवली. "पाया पडते तुमच्या, हे लिहू नका. माझ्या भावाचं नाव गेलं तर जाऊ दे. तो असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं."

काका गॅरेजमध्ये परतले, तेव्हा त्यांनी मनाशी एक थाप जुळवली होती. आयुष्यात पहिल्यांदाच ते गाडीबद्दल खोटं बोलणार होते.

"आधीच्या मालकाने केलेत बदल. तुमच्या बाबांना पत्ता नव्हता. तसं लिहून देतो."

"आधीचा मालक कुठला? गाडी आई-बाबांनी नवीकोरी घेतली होती. काका, तुम्ही हातचं राखून बोलताय. रोज पेशंट माझ्याशी असंच बोलतात."

काका सीटच्या कडेवर टेकले. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं?

"ऐका तर. मागचा पत्रा बदलला, पुढचा नाही. म्हणजे गाडी मागे जाऊन आदळली. उतार इथून फाटकापर्यंत आहे, आणि फाटकाचा एक खांब नवा आहे. तापाचं मला माहीत नाही, पण तुमची आई त्या खांबापाशी होती. गाडी कोणी चालवत नव्हतं. ऑटोमॅटिक गाडी उभी करताना लीव्हर 'पार्क'मध्ये ठेवतात, म्हणजे चाकं अडकून राहतात. त्या काळी किल्ली नसतानाही तो लीव्हर सुटायचा. पुढे सलग बाक होता, लीव्हर स्टिअरिंगला. बाकावर उभं राहिलं की..."

"की काय?"

"हात पोचायचा. महिनाभरात तुमच्या वडिलांनी बाक काढला, लीव्हर काढला, भोकसुद्धा बुजवलं. त्या जागी असा गिअर आणला, जो क्लच दाबल्याशिवाय सहजी सुटत नाही. आणि त्या क्लचपर्यंत पाय पोचत नाही..."

"कुणाचा?"

भिंगकाकांनी उचललेला गालिचा पुन्हा नीट अंथरला. तीस वर्षांत त्यांनी कितीतरी गुन्हेगार पकडून दिले होते, आणि इथे गुन्हेगार पुढ्यात उभा राहून त्यांनाच सवाल करत होता. काखेत कळसा नि गावाला वळसा. डॉक्टरीणबाईंनी बुजवलेल्या भोकावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला.

"मी?"

दारात आत्या उभी होती. ती पुढे आली आणि तिने भाचीला गाडीच्या सीटवर बसवलं.

"आई फाटक उघडायला खाली गेली होती. भाऊ टोपी विसरला म्हणून आत गेला, मिनिटभर. तू गाडी-गाडी खेळत होतीस. त्याने ब्रेक ओढला नव्हता, बाळ. तो शेवटपर्यंत म्हणायचा, दोष माझा, पोरीचा नाही. वहिनी दोन दिवस होती. तिने एकच सांगितलं, हिला काही कळू देऊ नका. मग आम्ही ताप म्हणालो."

मग डॉक्टरीणबाई खालच्या मानेने म्हणाल्या, "लिहा, काका. खरं तेच लिहा. बदल बाबांनी केले, आणि का केले तेही. माझं नाव घालून."

"गावभर होईल."

"होऊ दे. त्यांनी एकट्याने पुष्कळ सोसलं."

काकांनी कागद मांडीवर घेतला. बदल, तारीख, कारण सगळं लिहून त्यांनी शेवटी ओळ टाकली: फसवणुकीचा हेतू नाही, नाव कायम ठेवावं.

आणि मग तिचा बांध फुटला. आत्याच्या कुशीत तोंड खुपसून ती हमसून हमसून रडली. "दोन वर्षं, आत्या! मी त्यांना माफ करा असं एकदासुद्धा म्हटलं नाही गं."

आत्या तिच्या केसांतून हात फिरवत राहिली.

"बरं झालं नाही म्हटलंस. तू माफी मागितली असतीस, तर तुला कळलं की काय, या धास्तीने तो त्याच दिवशी मेला असता."