एकशे सत्तेचाळीस

सकाळी दहाला प्रयोगशाळेतल्या पडद्यावर एकशे सत्तेचाळीस हा क्रमांक लाल झाला आणि डॉ. हेमांगी सामंतचा चहा हातातच निवला. तळकोकणातल्या त्या तालुक्यात रानडुकरांपासून शेती राखण्यासाठी परवाना दिलेल्या बंदुका दोनशे बारा. त्यांच्या मालकांपैकी कोण ती स्वतःवर चालवील, हे ‘कलमापक’ नावाचं यंत्र नऊ दिवस आधी ओळखत असे. दवाखान्याच्या फेऱ्या, औषधांची खरेदी, फोनवरचं आटलेलं बोलणं, एवढ्यावरून. आजवर सहा वेळा एकेक क्रमांक लाल झाला होता आणि सहाही वेळा माणूस गेला होता. तो माणूस कोण, हे मात्र आधी कळत नसे; पडद्यावर दिसे तो फक्त क्रमांक.

तिने माहितीरक्षक अन्वर तांबोळीकडे नाव मागितलं.

‘‘नाव नाहीच,’’ अन्वर म्हणाला. ‘‘नामविलोपन म्हणजे नाव कुलपात घालणं नव्हे. ते पुसलं जातं, उरतो फक्त क्रमांक. त्याच अटीवर लोकांनी सह्या केल्यात.’’

‘‘आणि हा सातवा मेला तर?’’

‘‘तर एक जाईल. नाव फुटलं तर उद्यापासून कोणी खरं वागणार नाही. मग तुझं यंत्र काय मोजणार?’’

त्याचं म्हणणं तिला पटत होतं, पण नऊ दिवस हातावर हात ठेवून बसणं तिला जमणारं नव्हतं. सहा मरणं तिने खुर्चीत बसून पाहिली होती.

क्रमांकापुढच्या नोंदीत एक रकाना अगदी निरुपद्रवी होता. निवडणूक लागली की सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात आणि निकालानंतर परत मिळतात. सगळ्यांनी त्या आठवड्याभरात नेल्या होत्या. एकशे सत्तेचाळीसने दोन महिने तिकडे ढुंकून पाहिलं नाही आणि गेल्या मंगळवारी अचानक नेली. ठाण्यातली जमा-वही टेबलावर उघडीच असते. ती ठाण्यात गेली तेव्हा हवालदार गावड्यांनी चौकशी न करता वही तिच्यापुढे सरकवली. त्या मंगळवारी एकच सही होती, सोनू धुरी.

धुरी पोफळीच्या बागेत एकटाच बसला होता. बायको जाऊन वर्ष झालं होतं. आधी तो चिडला, मग पोरासारखा रडला आणि बंदूक तिच्या गाडीत ठेवली. ती ठाण्यात जमा करताना हेमांगीने पत्र दिलं: कलमापकावर याच्या धोक्याचा आकडा शंभरात दहाच्या खाली येईपर्यंत परत देऊ नये. तिला वाटलं, जिंकले.

निघताना धुरी एवढंच म्हणाला होता, ‘‘बाय, सय करताना तुमी सांगलात, नाव कोणाक कळूचा नाय.’’

दोन दिवसांत ही गोष्ट तालुकाभर पसरली. कोणी भांडायला आलं नाही. लोकांनी फक्त डॉक्टरकडे जाणं सोडलं, गोळ्या गोव्यातून आणल्या नाहीतर बंदच केल्या, आणि फोनवर उगाच हसून बोलू लागले. तीन आठवड्यांत पडदा सगळा हिरवा झाला. संचालकांनी पेढे वाटले. अन्वरने घेतला नाही. हेमांगीला मात्र आता त्यातला एकही हिरवा क्रमांक खरा वाटेना.

चौथ्या आठवड्यात गावड्यांचा फोन आला. ‘‘मॅडम, धुरी इलो हा बंदूक न्यावक. आकडो कितको दिसता?’’

तिने पाहिलं. चार. तो खोटा आहे, देऊ नका, असं ती म्हणाली. गावड्यांनी शांतपणे विचारलं, कशावरून खोटा, तसं लेखी द्या. लेखी द्यायला तिच्याकडे त्या आकड्याशिवाय काही नव्हतं. तिने धुरीला फोन द्यायला सांगितलं.

‘‘सोनूकाका, खरं सांगा. कसे आहात?’’



‘‘माका कित्याक इचारतास, बाय?’’ धुरी म्हणाला. ‘‘तुमच्या यंत्राक इचारा.’’

आणि त्याने फोन गावड्यांच्या हातात परत दिला.