मास्तरांच्या डेस्कातलं कार्ड

ही गोष्ट खरी आहे. मानायची तर माना, नाहीतर सोडून द्या. मीही आधी मानली नव्हती.

१० मे २०२४, शुक्रवार. अक्षय तृतीया, म्हणजे आमच्याकडची अखजी. गाव अमरावती. वेळ रात्रीची नाही, भर दुपारी साडेबाराची. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी वऱ्हाडातली मे महिन्याची दुपार पाहिलेली नाही. रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही.

चारुता माझी आतेबहीण. भूतबित म्हटलं की मलाच वेड्यात काढणारी. नवरा केयूर नोकरीसाठी पुण्यात. घरी ती आणि तिचे सासरे चिंतामणराव, वय एक्क्याऐंशी, निवृत्त वकील. तिचे स्वतःचे वडील ती लहान असतानाच गेले. सासऱ्यांनाच ती बाबा म्हणते, आणि नुसतं तोंडदेखलं नाही.

चारुता जुनं फर्निचर आणते, घासूनपुसून पॉलिश करते आणि विकते. प्रत्येक वस्तूसोबत एक गोष्ट लिहून देते. ही खुर्ची अमक्या जमीनदाराची, हा आरसा तमक्या नवरीचा. गोष्टी सगळ्या मनच्या. "लाकडाला कोण विचारतं? लोक गोष्ट घेऊन जातात," असं मला हसत सांगायची.

त्या आठवड्यात तिनं अकोल्याच्या जुन्या बाजारातून एक बैठं डेस्क आणलं. सागवानी, उतरत्या झाकणाचं, मांडी घालून लिहायचं. विकणारा ओमप्रकाश एवढंच म्हणाला, "मूर्तिजापूरकडच्या एका मास्तरचं हाय. घर पाडलं, सामान विकून टाकलं."

अखजीला आमच्याकडे पितरांची घागर भरतात. पान वाढतात. घरातल्या गेलेल्यांची नावं घेऊन त्यांना जेवायला बोलावतात. चारुतानं पान वाढलं होतं. पुरणपोळी, चिंचवणी, कुरडई. चिंतामणराव पाटावर बसून नावं आठवत होते. त्याला वेळ लागणार होता, म्हणून ती तिथेच ठेवलेल्या डेस्कावर फडकं मारू लागली.

झाकणाच्या आत एक फळी हलली. मागे चोरकप्पा होता.

कप्प्यात एक पोस्टकार्ड...

कोपरा फाडलेलं.

आजच्या पोरांना हे माहीत नसेल. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मयताची बातमी. ते घराबाहेरच वाचायचं, फाडून टाकायचं आणि तडक आंघोळीला जायचं. चारुतानं हे ऐकलं होतं. पण इतक्या जुन्या कार्डाचं कसलं सुतक? शिवाय एकदाची खरी गोष्ट आयती हाती लागली होती. तिनं ते तिथंच, मोठ्यानं वाचलं.

"गोदाबाईस कळविण्यास दुःख होते की तुमचा मुलगा सूर्यभान ता. ३ मे १९७६ रोजी कामावर असताना वारला."

समोर पितरांचं पान. घागर भरलेली. आणि तिनं नाव घेतलं.

चिंतामणरावांनी मान वर केली. "सूनबाई, हे नाव आपल्या घरातलं नाही."

बाहेर कावळे ओरडत होते...

ते गप्प झाले.

त्या दिवशी पानाला कावळा शिवला नाही.

दुसऱ्या दिवशी बरोबर साडेबाराला लाइट गेली. कूलर थांबला. घर एकदम मुकं झालं. आणि त्या शांततेत स्वयंपाकघरातून आवाज आला...

पाट सरकवल्याचा.

मग माठात गडवा बुडवल्याचा.

चारुता धावत गेली. कुणी नव्हतं. माठाशेजारची फरशी ओली होती. मांजर असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. मांजर पाट मांडत नाही, हे तिलाही कळत होतं.

तिसऱ्या दुपारी चिंतामणराव जेवायला बसले आणि त्यांनी आपलं ताट पुढे सरकवलं. समोरच्या रिकाम्या पाटाकडे.

"बाबा, जेवत का नाही?"

"आधी त्याला जेवू दे. लांबून आलाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "केसांत ओली माती आहे गं त्याच्या."

कार्डात तो कसा वारला हे लिहिलेलंच नव्हतं.

त्या दिवसापासून म्हाताऱ्यानं अन्न सोडलं. पाहुणा उपाशी असताना यजमानानं जेवायचं नसतं, एवढंच बोलायचे. डॉक्टरांनी तपासलं, सलाइन लावलं, म्हणाले, काही दोष दिसत नाही. केयूर फोनवर दवाखान्यात भरती कर म्हणाला. सहाव्या दिवशी चिंतामणरावांना उठून बसवेना. हा माणूस आता हातातून जाणार, हे चारुताला स्पष्ट दिसत होतं. आणि तो पाहुणा आपणच घरात बोलावला, हेही.

तिनं ठरवलं, बातमी जिथली तिथे पोचवायची. ती पोचली की सूर्यभान सुटेल. सूर्यभान सुटला की बाबा जेवतील.

सातव्या दिवशी शेजारणीला बाबांजवळ बसवून ती कार्ड घेऊन निघाली. पत्ता होता मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्याचा. 'गोदाबाई, मार्फत मास्तर.' त्या काळी गावात वाचता येणारा तेवढा एकच असावा. सगळ्या गावाची पत्रं तोच वाचून दाखवायचा. हे कार्ड मात्र त्यानं डेस्कात ठेवून दिलं होतं.

कुणी नातलग भेटला तरी पुष्कळ, अशा हिशेबानं ती गेली. पण गोदाबाई जिवंत होती. वय ब्याण्णव. शेजारची पौर्णिमा तिला घरापर्यंत घेऊन गेली.

"आजी बोलन का नाही, सांगता येत नाही मॅडम. अखजीपासून जेवलीच नाही."

"का?"

"पोरगा येनं बंद झाला म्हनते." पौर्णिमानं इकडेतिकडे पाहिलं. "रोज साडेबाराले दोन ताटं वाढे ते. पहिले शकुंतला गाडी त्याच टाइमले ये ना. गाडी बंद पडली, पन ताट नाही बंद पडलं."

चारुता उंबरा ओलांडून आत गेली.

गोदाबाई खाटेवर बसली होती. डोळे मोतीबिंदूनं पांढरे झालेले. चारुतानं कार्ड तिच्या हातात दिलं. म्हातारीनं अंगठा कडेनं फिरवला. पहिला कोपरा. दुसरा. तिसरा...

चौथ्यावर अंगठा थांबला.

जुन्या माणसाला हे वाचायला अक्षरं लागत नाहीत.

"मास्तरच्या घरचं?" गोदाबाईनं विचारलं.

"हो. त्यांच्या डेस्कात सापडलं."

"मास्तरनं मले हातात नाही देल्लं ते. दुरूनच वाचलं. पोरगा खुशाल हाय, येतो म्हनते, म्हने. आवाज कापे त्याचा. मले तवाच समजलं. मी म्हनलं, येतो म्हनते तं येऊ दे." तिचा अंगठा पुन्हा फाटक्या कोपऱ्यावर गेला. "आन् तो ये. रोज ये. अखजीपासून कुठी गेला, काय माईत."

मग तिनं चारुताचं मनगट पकडलं. पकड ब्याण्णव वर्षांच्या बाईची वाटत नव्हती.

"वाच. मास्तरनं वाचलं तसंच वाच. त्याले पाठून दे वं माय."

चारुता खरं सांगायला आली होती. एक ओळ वाचायची होती. आईनं ती ऐकली असती, आंघोळ केली असती, मुलाच्या नावानं पाणी सोडलं असतं, आणि इतक्या वर्षांचा अडकलेला जीव सुटला असता. चारुताला हे सगळं कळत होतं. पण त्या तोंडाकडे पाहून तिची जीभ वळेना. आणि तिला घरी अंथरुणावर पडलेले बाबा दिसत होते. तो इथे आला काय किंवा सुटला काय, त्यांच्या समोरचा पाट रिकामा होणार होता.

तिनं वाचलं, "सूर्यभान खुशाल आहे. लवकरच येतो."

गोदाबाईनं मनगट सोडलं. "पौर्णिमा, ताट वाढजो उद्या. दोन."

दुसऱ्या दुपारी साडेबारा वाजले. चारुता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पाट हलला नाही. आतल्या खोलीतून चिंतामणरावांचा क्षीण आवाज आला, "सूनबाई, भूक लागली."

ती तिथंच बसून रडली.

आठ दिवसांनी त्यांनी सहज विचारलं, "त्या मुलाचं काम झालं का गं?"

"झालं, बाबा."

वकिलासमोर खोटं बोलणं सोपं नसतं. पण त्यांनी उलटतपासणी घेतली नाही. मान हलवली आणि जेवत राहिले.

इथं संपलं असतं तर मी लिहायला बसलोच नसतो.

मागच्या महिन्यात मी एका लग्नासाठी मूर्तिजापूरला गेलो होतो. म्हटलं, चारुताच्या गोष्टीत किती तथ्य आहे पाहू. गोष्टी रचायची तिला सवयच आहे.

गोदाबाई आहे. आता चौऱ्याण्णव वर्षांची. पौर्णिमा दारातच भेटली. म्हणाली, वाचता येणारं कुणीही आलं की म्हातारी ते कार्ड पुढं करते. नर्सबाई आली, शाळेचे सर आले, ग्रामसेवक आला. सगळ्यांनी तेच वाचलं, खुशाल आहे म्हणून.

"मी बी तेच वाचलं," पौर्णिमा म्हणाली. "दुसरं वाचवतच नाही भाऊ. पन आता मी दुपारी इथं थांबत नाही."

"का बरं?"

"रडते तो."

ती निघून गेली. घड्याळात साडेबाराला पाच कमी होते. तेव्हाच मी उठायला हवं होतं. पण गोदाबाईनं कार्ड पुढं केलं आणि मी घेतलं.

मी मनाशी ठरवलं होतं. माझं इथं काही अडकलेलं नाही. जे लिहिलंय ते वाचायचं आणि मोकळं व्हायचं.

"गोदाबाईस कळविण्यास..." मी सुरुवात केली.

माझ्या पाठीमागे दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं...

ओल्या मातीचा वास आला. मे महिन्यात. कोरड्या ठाक गावात.

तो श्वास रोखून ऐकत होता. पुढचे शब्द ऐकायची वाट पाहत होता, हे मला पाठीला कळत होतं. समोर म्हातारी हात जोडून बसली होती. तिचे ओठ हलत होते.

मी वाचलं, "सूर्यभान खुशाल आहे. लवकरच येतो."

मागून हुंदका आला. मोठ्या पुरुषाचा, दाबलेला.

मग पाट सरकला, आणि कुणीतरी निमूटपणे जेवायला बसलं.

मी मागे वळून पाहिलं नाही. कार्ड खाटेवर ठेवलं आणि बाहेर आलो. चारुताला अजून सांगितलेलं नाही, कारण ती विचारेल, तू तरी खरं का नाही वाचलंस? रोज दुपारी मी ताटावर बसतो, आणि तिकडे तोही बसला असेल, एवढंच डोक्यात येतं.