खांद्यावरचं ठिगळ

हसलात ना त्या जिन्याच्या सीनला? हसा. आम्ही तर टाळ्या वाजवल्या होत्या, तुम्हाला काय बोलणार मी. पण आता टीव्ही बंद कर, आणि धाकटीला आत झोपायला पाठव. जात नाही म्हणते? मग रात्री दचकून उठलीस तर मामाच्या नावाने खडे फोडू नकोस.

हा सिनेमा झाला तेव्हा लाईटवर मीच होतो. मुखवटा घालून एकेकाला मारत सुटलेला तो राक्षस म्हणजे टीव्हीवर कुस्तीचे खेळ करणारा पैलवान. साडेसहा फूट उंच, पण स्वभावाने गाय. चहा आणून देणाऱ्यालाही अहो-जाहो करायचा. त्याचं ते सतरा किलोचं रबरी अंग बनवलं होतं माझ्या साडूने, म्हणजे तुमच्या मामीच्या बहिणीच्या नवऱ्याने. मेकअपवाला. हातात कसब होतं, तोंडाने गोड होता, आणि भित्रा तर असा की विचारू नका.

पैलवानाने पहिल्याच दिवशी त्याला बजावलं होतं. "दादा, आमच्या धंद्यात एक कायदा आहे. समोरच्याने खांद्यावर चापट मारली की सोडायचं, मग खेळ बुडाला तरी चालेल. या रबरातून मला काही कळणार नाही. उजव्या खांद्यावर तळहाताएवढी जागा पातळ ठेवा."

साडूने ठेवली. जिन्याच्या सीनच्या दिवशी डायरेक्टर खेकसला, कॅमेऱ्यात तिथे खड्डा दिसतोय, बुजव. साडूने जाड रबराचं ठिगळ लावलं, वाळवलं, रंग मारला. पैलवानाला मात्र सांगितलं नाही. "सांगणार तेवढ्यात शॉट लागला," असं त्याने नंतर लिहून दिलं. साफ खोटं. अर्धा तास होता मधे. सांगितलं असतं तर पैलवान उभाच राहिला नसता, डायरेक्टर साडूवर उखडला असता, म्हणून हा मूग गिळून बसला.

ज्याचा गळा धरायचा होता तो मारामारीच्या सीनचा फायटर. उजव्या हाताची करंगळी मोटारीच्या दारात गेलेली, म्हणून आम्ही त्याला चारबोट्या म्हणायचो. मघाशी पडद्यावर तो हात आपटत होता ना, तो अभिनय नव्हता रे. चापटा मारत होता तो. अकरा. डायरेक्टर माझ्या शेजारी उभा राहून म्हणतोय, "वा, काय जीव ओततोय!" मग हात खाली पडला. कट झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि तो उठेचना.

सीन त्यांनी काढला नाही. कशाला काढतील? सगळ्यात भारी सीन तोच होता.

पैलवानाला पोलिसांनी नेलं. तो एकच बोलत राहिला, "त्याने चापट मारलीच नाही. मारली असती तर मला कळली असती." फायटरची बायको पैलवानाच्या आईच्या दारात जाऊन थुंकून आली. हे सगळं साडूच्या डोळ्यांदेखत चाललेलं, आणि तो अळीमिळी गुपचिळी.

महिन्याभराने, बुधवारी सकाळी दहा वाजता, चौकशीचे साहेब ते रबरी अंग बघायला येणार होते. ठिगळ सापडलं तर साडू आत, नाही सापडलं तर पैलवान. मंगळवारी रात्री सव्वादहाला साडूने चपला घातल्या आणि बायकोला म्हणाला, "गोडाऊनमध्ये ब्रश राहिलेत, घेऊन येतो. येताना ब्रेड आणू का?"

गोडाऊन म्हणजे सायकलच्या दुकानावरची लांबट खोली. फळ्यांवर प्लास्टरची डोकी, पिशव्यांत टोप, आणि रबराचा, पावडरीचा कोंदट वास. रबरी अंग टोकाच्या खुंटीला टांगलेलं. साडूने दार आतून लावलं, एकच दिवा लावला. लटकतं रबर कापता येत नाही, ताणून धरावं लागतं. म्हणून त्याने त्या अंगाची उजवी बाही स्वतःच्या खांद्यावर घेतली, पाठीमागे सोडली, आणि सुरीने ठिगळ सोडवायला घेतलं.

दहा मिनिटांत निघालं. खिशात घातलं. हायसं वाटलं त्याला. शीळ घातली म्हणे त्याने.

मग खांद्यावरची बाही काढायला गेला.

निघेना.

अडकली असेल म्हणून वाकला. बाही मानेमागून सरकली... हळू... गळ्याभोवती आली. थंड रबर. आत पावडर. माणूस नाही. त्याने दुसऱ्या हाताने चाचपलं. छाती पोकळ. पोट पोकळ.

बाही आवळली.

ओरडता येईना. पाय घसरायला लागले. आणि मग त्याला सुचलं... ज्या पैलवानाला हा तुरुंगात घालायला निघाला होता, त्याचाच कायदा सुचला.

त्याने खांद्यावर चापट मारली. आत्ताच उघड्या केलेल्या पातळ जागेवर.

पकड सैल झाली.

कळलं होतं त्याला. आत जे कोण होतं... त्याला कळलं होतं. साडूने एक श्वास घेतला. एकच.

पुन्हा आवळली.

चापट. सैल. एक श्वास.

पुन्हा...

त्याने मोजलं. मोजल्याशिवाय दुसरं करणार काय? आठ... नऊ... दहा... प्रत्येक वेळी चापट कळत होती. प्रत्येक वेळी श्वासापुरतं सुटत होतं. सोडत मात्र नव्हतं.

अकरावी मारली...

पुढचं त्याला आठवत नाही.

सकाळी राखणदाराने दार फोडलं. साडू जमिनीवर पडलेला, जिवंत. गळा काळानिळा. आवाज गेला तो गेलाच, आजही घोगरा शब्दसुद्धा निघत नाही. हे सगळं त्याने मला दवाखान्यात कागदावर लिहून दिलं. मी त्याला म्हटलं, हे आधी लिहिलं असतंस तर? त्याने तोंड फिरवलं. मला अजूनही त्याची कीव येत नाही.

दहाला साहेब आले, पैलवानाला बेड्या घालून आणलं. मीही होतो. साडूचा खिसा रिकामा. रबरी अंग खुंटीला, सरळ. आणि उजव्या खांद्यावर ठिगळ, जागच्या जागी. डिंकाचा डबा खाली कपाटात कुलपात होता.

साहेबांनी नखाने कड उचलली. ठिगळ हातात आलं. खालची पातळ जागा दिसली. पैलवानाने पुढे होऊन त्या जागेवर बोट ठेवलं. "मारत होता तो," म्हणाला. "मला हाका मारत होता."

त्या दुपारी त्याला सोडलं. त्यानंतर तो कधी रिंगमध्ये उतरला नाही.

पण जायच्या आधी साहेबांनी ते ठिगळ उलटं केलं. आतली बाजू, जी चिकटलेली होती, जिथे कुणाचा हात पोचूच शकत नाही. रबर ओलं असेपर्यंतच त्यावर ठसा उठतो, आणि हे तर महिन्यापूर्वी वाळलेलं. त्यावर ठसे होते. हाताचे. एकावर एक, खोल.

पैलवानाने बेड्यांच्या हातांनी एकेक मोजला. अकरा.

करंगळी एकाही ठशाला नव्हती.